बुधवारची यादी तू लावलीस तशीच वाजली

मंगळवारी दुपारी आपण अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो आणि भांडत होतो. भांडण म्हणजे तुझी पाटी आणि माझं तोंड. रेडिओवरच्या तुझ्या बुधवारच्या ‘सरमिसळ’साठी गाण्यांची यादी चालली होती. तिसऱ्या नंबरला तू कानडी वचन ठेवलंस आणि त्याच्या पाठीमागं लगेच लग्नातला ब्यांड. मी म्हणलो, अगं, माणूस डोळे मिटून देवाचं ऐकून राहिला आणि तू त्याच्या कानात एकदम ब्यांड वाजवतीस, मधी काहीतरी थंड टाक. तू लिहिलंस, “देवाला लग्न चालत नाही का?” मी म्हणलो देवाला चालत असंल, मला चालत नाही. तू पाटी पुसलीस आणि लिहिलंस, “तुम्ही फक्त वाचा.” आणि शेंगांचं सूप माझ्याकडं सरकवलंस. यादी तुझीच राहिली. किडक्या शेंगा तेवढ्या माझ्या वाट्याला आल्या.

आज तुला जाऊन नऊ दिवस झाले, महानंदा. रेडिओ केंद्रावरची रुबीना वही देऊन गेली. म्हणली, काका, मावशीवर आम्ही चार पानं छापणार आहोत, तुम्ही बोलता तसंच लिहा. मी चौथी शिकलेला, जन्मभर मोटारींचं वाइंडिंग केलेला माणूस. तुझा जन्म कधीचा, तू अंगणवाडीत किती वर्षं नोकरी केलीस, ते रुबीना लिहिणार आहे. मी तुझ्याशीच बोलतो. आता सवय झाली आहे.

तुझा आवाज गोड नव्हता, हे आधी सांगून टाकतो, कारण लोक आता गोड होता म्हणून राहिलेत. घोंगडीसारखा होता, टोचणारा आणि ऊबदार. कॉलेजातल्या त्या छोट्या रेडिओ केंद्रावर तू लेकरांच्या आहारावर बोलायला गेलीस, आणि शेवटी एखादं गाणं निवडा म्हणल्यावर तीन भाषांतली तीन निवडलीस. त्यांनी तुला बुधवार आणि शनिवारची रात्री दहाची वेळ दिली, ती कुणालाच नको होती म्हणून. त्यात तू काय काय कोंबलंस. माहेरची कानडी वचनं, दर्ग्यातली कव्वाली, तांड्यावरच्या बायकांची गाणी, देगलूरकडची तेलुगू, कुठल्या तरी परदेशातले ढोल, त्यांची नावं मला आजही घेता येत नाहीत. आणि सुरुवातीला प्रत्येक वेळी तेच, “जागे हायत का रे, लेकरांनो?” होस्टेलवरची अभ्यासाची पोरं, डाळ मिलचे वॉचमन, दवाखान्यातल्या रात्रपाळीच्या पोरी, सगळी तुझी लेकरं. लातूरच्या बाहेर चार-पाच कोसांपलीकडं आवाज जात नव्हता, पण त्या चार कोसांत तू होतीस.

अकरा वर्षं मी तुला स्कूटरवर नेलं आणि आणलं. अकरा वर्षं मी बाहेरच्या बाकड्यावर बसलो, आणि कार्यक्रम एकदाही नीट ऐकला नाही. झोपायचो. परत येताना तू मागून विचारायचीस, “री, कसा झाला?” तुझ्या माहेराकडं बाया नवऱ्याला ‘री’ म्हणतात, ते तू इकडं येऊनही सोडलं नाहीस. मी म्हणायचो, झाला की. एवढंच. मग घर यायचं.

आवाज बसायला लागला तेव्हा मी म्हणलो, बडबड कमी कर. इथल्या डॉक्टरनं नांदेडला पाठवलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरनं नळी घालून बघितलं आणि दोघांना समोर बसवून सांगितलं, आवाजाची पेटी काढावी लागंल, काढली तर काही वर्षं मिळतील, नाही काढली तर या दिवाळीचं सांगता येत नाही. तू विचारलंस, आवाज परत येतो का? डॉक्टर म्हणला, हा तर येत नाही.

दवाखान्याच्या पाठीमागं आपण खोली घेतली होती. तिथं आपलं जे भांडण झालं ते संपलंच नाही, म्हणून आज काढतो.

“आवाज गेल्यावर मी कोण ऱ्हाईन?” तू म्हणलीस.

“माझी बायको ऱ्हाशील.”

“ते तर ऱ्हाईनच. तुमच्या घरात बायको व्हायला आवाज लागतच न्हाई.”

मला झोंबलं. खरं होतं म्हणून जास्त झोंबलं. मग मी ते बोललो. गाणी लावायला आता मशीन बी मिळते बाजारात, त्याच्यापायी जीव देतीस का, असं म्हणलो. तू माझ्याकडं बघितलंस आणि भिंतीकडं तोंड करून पडलीस. त्या वाक्याची माफी मी मागितली नाही. पुढं अडीच वर्षं रोज तुझ्याजवळ बसलो, हजार गोष्टी बोललो, ती सोडून. आज मागतो. महानंदा, चुकलो मी. तुझं काम मशीनचं नव्हतं.

आणि मग मी जेवण सोडलं. तुला समजवायला मला बोलता येत नव्हतं, म्हणून ताट सरकवलं. दोन दिवस चहासुद्धा घेतला नाही. मला साखरेचा आजार, तुला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सांजच्याला मला चक्कर आली आणि तू उठून गेलीस, कागदावर सही करून आलीस, आणि कॅन्टीनमधून भाजी-पोळी आणून माझ्यापुढं आदळलीस. “जेवा आता. झालं समाधान.” मी जेवलो. लाज सोडून जेवलो. बाई वाचणार म्हणून मला भूक लागली होती.

तुझ्या आवाजातलं शेवटचं बोलणं सहीच्या दुसऱ्या दिवसाचं. आपल्यात गळ्यातलं लिंग मरेपर्यंत अंगावरून उतरवत नाहीत, आणि आपरेशन गळ्याचंच. नर्स म्हणली, काहीच ठेवता येणार नाही. तू शिवदोरा काढलास, लिंग कपाळाला लावलंस आणि माझ्या मुठीत दिलंस. “री, हात घामेजला तर हात बदला. खाली ठेवू नका.” स्ट्रेचर आत गेलं. पाच तासांच्या वर मी त्या बाकावर मूठ आवळून बसलो. कुणी चहा दिला तो दुसऱ्या हातानं घेतला. लघवीला गेलो नाही. तू बाहेर आलीस तेव्हा माझी बोटं सरळ होत नव्हती. पुढं ते तू दंडाला बांधलंस.

घरी आल्यावर तुझ्या गळ्याला भोक, भोकात पाईप, आणि घरात चिडीचूप. डॉक्टरनं गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. तू ते लावून एकदाच ‘री’ म्हणलीस. वाइंडिंग जळाल्यावर मोटर जशी घरघरते तसा आवाज निघाला. आपण एकमेकांकडं बघितलं. यंत्र कपाटात गेलं ते गेलंच.

तो उन्हाळा मी विसरणार नाही. तू अंगणवाडीतली जुनी पाटी काढलीस, पण माझ्यासाठी नाही. लेक सुवर्णा उदगीरहून आली की तिला पाटीभर लिहायचीस, भाजीवाल्याला लिहायचीस, मला एक अक्षर नाही. पाणी पाहिजे तर ताटावर चमचा वाजवायचीस. मी केलेली खिचडी खायचीस, माझ्याकडं पाठ करून. बुधवारी रात्री दहा वाजले की उठून अंगणात जायचीस. रेडिओ लावायचा नाही, अशी खूण केली होतीस. त्या वेळेला तिकडं कुठलीतरी रेकॉर्ड केलेली भाषणं लागत होती म्हणे.

श्रावणात रुबीना आली. म्हणली, मावशी, होस्टेलची पोरं सारखी विचारतात, तुम्ही नुसती गाणी निवडा, दोन शब्द कुणीतरी वाचील. तू तिच्याकडं लई वेळ बघितलंस. मग बोट केलंस, माझ्याकडं. रुबीनाला वाटलं गंमत आहे. मला तेव्हाच कळलं, ही शिक्षा आहे. मी म्हणलो, मला वाचता येत नाही नीट. तू पाटी घेतलीस, आणि उन्हाळ्याभरात पहिल्यांदा मला लिहिलंस: “मला पण मुकं राहता येत नव्हतं.”

पहिला बुधवार. तू चिठ्ठ्या मोठ्या अक्षरात लिहून दिल्या होत्यास, लेकरांना लिहून देतीस तशा. मी काचेच्या खोलीत बसलो, कानाला ते हेडफोन, तोंडापुढं माईक, अंगाला घाम. लाल दिवा लागला आणि मी चिठ्ठीवर होतं नव्हतं ते सगळं वाचलं. “आता ऐका बसवकल्याणकडच्या एका बाईनं जात्यावर म्हणलेलं वचन. हळू वाचा. नाक ओढू नका. इथं थांबून पाणी प्या.” आणि खरंच थांबून पाणी प्यालो, ग्लासाचा आवाज सगळ्या लातूरला ऐकू गेला. रुबीना टेबलाखाली गेली. मी तुझ्याकडं बघितलं तर तू गळ्यावर हात दाबून, खांदे हलवून, डोळ्यातून पाणी काढून हसून राहिलीस. आवाज नाही, पण सगळं हसणं. महानंदा, मला लाज वाटली नाही. चार-पाच महिन्यांनी तू हसली होतीस.

पुढच्या वेळी पोरांचे मेसेज आले, काका, पाणी पिलात का? त्याच्यापुढच्या वेळी तू मुद्दाम लिहिलंस, “शर्टाचं वरचं बटण लावा.” मी तेही वाचलं. मग ते चालूच राहिलं. मला वाचता येत नाही म्हणून लोक हसतात का तू लिहितीस म्हणून, हा आपला वाद राहिला. माझं मत, तुझ्यामुळं. तुझं मत तू पाटीवर लिहायचं टाळलंस.

आणि स्कूटरवर परत येताना तू विचारू शकत नव्हतीस, कसा झाला. मागं तू गप्प आहेस हे मला सहन होईना, म्हणून मीच सुरू केलं. ते ढोलाचं बरं होतं, ते रडकं गाणं कशाला लावलंस, त्या तेलुगू गाण्यात बाई काय म्हणती. घर यायचं तरी माझं संपायचं नाही. फाटकापाशी स्कूटर बंद करून बोलत बसायचो आणि तू पाठीत बोट टोचायचीस, उतरा.

दुसरं कुणी लिहिणार नाही ते मी लिहितो. तुझ्या पाईपमध्ये रात्री कफ अडकायचा. तुला हाक मारता येत नाही, म्हणून कॉइल बांधायची पांढरी सुती पट्टी मी तुझ्या मनगटाला आणि माझ्या मनगटाला बांधली. ओढलीस की मी उठायचो, पाईप काढायचा, धुवायचा, परत बसवायचा. रात्रीतून तीनदा, कधी पाचदा. ओढली नाहीस तरी उठायचो, का ओढली नाही म्हणून. अडीच वर्षं मी झोप अशी घेतलीच नाही. तुझ्यावर उपकार केले असं म्हणत नाही. नुसतं सांगतो, कारण पुढचं कळायला ते पाहिजे.

यंदाच्या दिवाळीनंतर नांदेडला गेलो तेव्हा डॉक्टरनं फोटो उजेडाला धरला आणि म्हणला, छातीत उतरलंय, आता घरी न्या, दुखणार नाही एवढं बघू. तू बाहेर बसली होतीस. तुला काही सांगावं लागलं नाही, तू माझ्या चालण्यावरून ओळखलंस.

त्याच दिवशी औषधाच्या रांगेत भोकरचा गंगाधर भेटला. तिशी-पस्तिशीचा, शेती करणारा, बायकोला तोच आजार आणि तेच आपरेशन सांगितलेलं. त्यानं तुला लांबून बघितलं, तुझा गळा बघितला, आणि मला बाजूला घेतलं. “मामा, एक विचारू का? मावशी कधी म्हणल्या का, बरं केलं का वाईट केलं?” मी म्हणलो, फोनवर सांगतो. कारण मला माहीत नव्हतं. जिची पेटी काढायला लावली तिला मी कधी विचारलंच नव्हतं. त्यानं चार वेळा फोन केला. मी कधी दुकानात गिऱ्हाईक आहे म्हणलो, कधी तू झोपलीस म्हणलो. शेवटचा फोन सोमवारी. डॉक्टर या शुक्रवारच्या आत हो का नाही सांगा म्हणून राहिलेत, मामा, मला काही सुधरत नाही.

म्हणून मंगळवारी, शेंगा सोलून झाल्यावर, दिवा लावल्यावर, मी विचारलं. तुझ्या उशाशी बसलो होतो. धाप लागत होती तुला, पण डोळे स्वच्छ होते.

“आपरेशन करायला लावलं त्याचा राग हाय का?”

तू पाटी मागितलीस. अक्षर तिरकं आलं. “होता. पहिला उन्हाळाभर लई होता. आता नाही.”

माझ्या छातीवरचं काय उतरलं ते मला लिहिता येत नाही. मी मान खाली घातली. तू ताटावर वाजवतीस तसं पाटीवर बोट वाजवलंस, अजून आहे म्हणून. पदरानं पुसलीस आणि परत लिहिलंस.

“विचारलं असतं तर हो म्हणले असते.”

मी म्हणलो, मग तेव्हाच का नाही म्हणलीस? तू डोळे बारीक केलेस, असे की हा माणूस चौथीच शिकलाय हे खरं. आणि लिहिलंस, “विचारलंच नाही तुम्ही. जेवण सोडलं.” मग पाटी माझ्या मांडीवर ठेवलीस आणि पाणी मागितलंस. मी चमच्यानं पाजलं.

पहाटे पट्टी ओढली नाहीस. मी आपला सवयीनं उठलो तर तू गेली होतीस. तोंडावर त्रास नव्हता. गळ्याजवळ हात नेला, काही हलत नव्हतं, आणि खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मनात आलं ते हे, की आता हिला कफ अडकणार नाही. रडू नंतर आलं. आधी सुटका आली. तुझी आणि माझी, दोघांची. कुणी मला दगड म्हणलं तर म्हणू दे.

शिरूर अनंतपाळच्या आपल्या शेतात तुला मातीत बसवलं, आपल्या रीतीनं, दंडावरचं लिंग हातात देऊन. मातीवर विभूती पडली, बेलपान पडलं. रुबीना बांधावर उभी होती, रडून तोंड सुजलेलं. तिनं भीत भीत विचारलं, काका, आज बुधवार आहे, बंद ठेवू ना? शेजारचे पाटील म्हणले, अरे, घरात मयत, गाणी कशी लावता. मी म्हणलो, आमच्यात सुतक धरत नाहीत. यादी तिनं करून ठेवली आहे, लाव तशीच. वाचायला मी येत नाही. काही वाचू नको, नुसती लाव. रुबीना म्हणली, वचनानंतर लगेच ब्यांड आहे. मी म्हणलो, मला माहीत आहे. तिथंच लाव.

आता हे ऐकून घे आणि राग धरायचा तर धर. तुझी शेवटची यादी मी ऐकली नाही. सुवर्णानं नऊला अंथरूण घातलं, मी म्हणलो दहाला उठव. ती म्हणती तिनं हलवलं, हाक मारली, रेडिओ उशाशी आणून ठेवला. मी उठलो नाही. लोक सांगतात पोरं होस्टेलच्या गच्चीवर जमून ऐकत होती, ब्यांड लागला तेव्हा कुणाला हसावं का रडावं कळेना. मी ते लोकांकडून ऐकतो. मी मेल्यासारखा झोपलो होतो, मनगटाला काही बांधलेलं नव्हतं, आणि मला स्वप्नसुद्धा पडलं नाही.

डोळे उघडले तेव्हा ऊन अर्ध्या अंगणात आलं होतं. मी तोंड धुतलं, चहा घेतला आणि गंगाधरला फोन लावला. तू गेलीस हे सांगितलं. तो बिचारा म्हणला, मामा, अशा वेळेला माझं कशाला घेऊन बसता. मी म्हणलो, ऐक. मी माझ्या बाईला विचारलं नव्हतं. जेवण सोडून तिच्याकडून सही घेतली, आणि त्याचा तिला उन्हाळाभर राग होता. मग गेला. दोन वर्षं बरी गेली आमची, लई बरी गेली. पण विचारलं असतं तर हो म्हणले असते, असं म्हणून गेली ती. तू सोडू नको जेवण. जेव, आणि जाऊन विचार.

“आन न्हाई म्हणली तर?”

“तर ती न्हाई म्हणली, एवढं तुला कळंल.”

तो म्हणला, थांबा, ती गोठ्यात हाय. फोन चालूच राहिला. मला त्याच्या चपला ऐकू आल्या, म्हैस ऐकू आली, आणि त्यानं तिला हाक मारली. बाईचा आवाज आला, थोडा बसका, पण चांगला मोठा.

“काय ओ? काय झालं?”

मी फोन बंद केला.